उत्तर आलं नाही तर

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक फाइल लिहिली होती. तिच्यात चारच ओळी होत्या. पहिल्या ओळीत एक पत्ता, दुसरीत तिथे आत शिरण्यासाठीची किल्ली, तिसरीत ३० हा आकडा आणि चौथीत इंग्रजीतला एक शब्द, ज्याचा अर्थ 'नाकारा'. लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. सीनियरने तपासताना पत्त्यातली एक चूक दाखवली, ती मी दुरुस्त केली आणि फाइल पुढे गेली. ३० वर आणि 'नाकारा'वर कोणी काही बोललं नाही. मीही त्यांचा विचार केला नव्हता. नमुना म्हणून आलेल्या फाइलमध्ये ते तसेच होते, मी उचलून ठेवले.

हा लेख त्या शेवटच्या दोन ओळींबद्दल आहे.

जे कोडिंग करत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आपण फोनवर एखादं अ‍ॅप उघडतो तेव्हा ते एकट्याने फारसं काही करत नाही. ते सतत दुसऱ्या कोणाला तरी विचारत असतं. याच्या खात्यात पैसे आहेत का? हा ओटीपी बरोबर आहे का? या पिनकोडवर डिलिव्हरी होते का? हा प्रश्न ज्या पत्त्यावर पाठवायचा त्याला एंडपॉइंट म्हणतात. सरकारी कचेरीतली खिडकी डोळ्यांसमोर आणा. चिठ्ठी आत सरकवायची, उत्तराची चिठ्ठी बाहेर येते. आत कोण बसलंय, ते काय करतं, हे आपल्याला दिसत नाही आणि दिसायची गरजही नसते.

एंडपॉइंट कॉन्फिगर करणं म्हणजे आपल्या प्रोग्रामला त्या खिडकीबद्दल सगळं सांगून ठेवणं. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये वेब सर्व्हिसेससाठी एक चौकट आणली होती. तिच्यात हे शिकवायला 'ए-बी-सी' असं सूत्र असायचं: अ‍ॅड्रेस, बाइंडिंग, कॉन्ट्रॅक्ट. कुठे विचारायचं, कोणत्या रीतीने विचारायचं आणि काय विचारता येईल. पत्ता, रीत, करार. माझ्या पिढीला ती चौकट जुनी वाटते, पण सूत्र अजून चुकीचं झालेलं नाही. त्यात फक्त एक प्रश्न समोर येत नाही. खिडकीतून काहीच बाहेर आलं नाही तर?

माझ्या फाइलमधल्या शेवटच्या दोन ओळी त्याचं उत्तर होत्या. तीस सेकंद थांब. तरी काही आलं नाही, तर नकार आला असं समज.

*

त्या फाइलचं काम असं होतं. एका रुग्णालयाच्या औषधांच्या काउंटरवर कार्ड असलेल्या रुग्णांना सवलतीत औषधं मिळायची. कार्ड चालू आहे की नाही, हे आमचं सॉफ्टवेअर दुसरीकडच्या एका सर्व्हरला विचारायचं. 'हो' आलं की सवलतीचं बिल, 'नाही' आलं की पूर्ण किमतीचं.

सहा-सात महिन्यांनी प्रिंटरच्या कसल्याशा तक्रारीसाठी मला तिथे पाठवलं. साडेअकरा वाजून गेले होते, ओपीडीतून सुटलेली सगळी माणसं काउंटरवर आली होती. मी काउंटरच्या आतल्या बाजूला, बिल करणाऱ्या मुलीच्या मागे उभी होते. समोर साठी उलटलेले एक काका. पांढरा सदरा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. मुलीने कार्डाचा नंबर टाकला. स्क्रीनवरचं चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग लाल अक्षरं आली: 'रुग्ण योजनेसाठी पात्र नाही'.

"काका, तुमचं नाव नाही येत योजनेत."

"असं कसं ताई? मागल्या महिन्यात तर ह्याच्यावरच नेल्या गोळ्या."

"आता नाही दाखवत. पूर्ण पैसे भरावे लागतील."

त्यांनी किती म्हणून विचारलं. तिने आकडा सांगितला. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग मागच्या माणसाला जागा करून देत बाजूला झाले. कार्ड पुन्हा पिशवीत ठेवताना त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. बहुतेक मुदत लिहिलेली दिसते का ते पाहत असावेत. मग गेले.

ते चाक जितका वेळ फिरलं तो वेळ मला ओळखीचा वाटला होता. तीस सेकंद. मला शंका आली होती. पण खात्री नव्हती, शिवाय मी प्रिंटरसाठी आले होते. मी काही बोलले नाही.

संध्याकाळी ऑफिसात परतल्यावर लॉग उघडला. लॉग म्हणजे प्रोग्रामची रोजनिशी. प्रश्न गेला ११:४२:०७ ला. ११:४२:३७ ला आमच्या बाजूने वाट पाहणं संपलं. मधे काही नाही. त्या सर्व्हरने काकांना अपात्र ठरवलंच नव्हतं. तो काहीच बोलला नव्हता. 'नाही' आम्ही म्हटलं होतं, आणि त्याच्या नावावर खपवलं होतं.

*

याला साधी चूक म्हणून सोडून देता येईल. संदेश चुकीचा होता, दुरुस्त करा, विषय संपला. संदेश चुकीचा होता हे खरंच आहे, आणि त्यातला खोटेपणा वेगळा सांगायला हवा. 'मला माहीत नाही' आणि 'नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. काकांना 'उत्तर मिळत नाहीये' असं कळलं असतं तर ते तासभर बाकावर बसून राहिले असते, दुपारी पुन्हा विचारलं असतं, कोणाशी तरी भांडले असते. 'पात्र नाही' म्हटल्यावर माणूस भांडत नाही. तो स्वतःचं कार्ड उलटसुलट करून पाहतो. दोष त्याला स्वतःच्या बाजूला दिसायला लागतो.

पण संदेश बरोबर केला तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. उत्तर आलेलं नाही, माणूस समोर उभा आहे. औषध द्यायचं की नाही?

हा प्रश्न जास्त चांगलं सॉफ्टवेअर लिहून सुटत नाही. संगणकशास्त्रात दोन सेनापतींचं एक कोडं आहे. १९७८ मध्ये जिम ग्रे यांच्या लेखनामुळे ते या नावाने सगळीकडे पोचलं. दोन डोंगरांवर एकाच बाजूच्या दोन फौजा आहेत, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जिंकतील. निरोप पाठवायचा तर जासूद दरीतूनच जाणार, आणि तो पकडला जाऊ शकतो. पहिला सेनापती निरोप पाठवतो, 'पहाटे हल्ला'. तो पोचला की नाही हे त्याला कळायला उलट निरोप हवा. तो पोचला हे दुसऱ्याला कळायला आणखी एक हवा. जासूद कितीही पळवा, दोघांना पक्की खात्री कधीच होत नाही. पुढे १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी एक सिद्धान्त मांडला. त्याच्या मुळाशी असलेली अडचण साध्या भाषेत अशी: निरोपाला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल, तर समोरचा मेला आहे की नुसता हळू चालला आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही.

म्हणजे शांततेचा अर्थ शांततेत नसतो. तो ऐकणाऱ्याला लावावा लागतो. तीस सेकंदांनंतर जे घडतं ते तंत्रज्ञानाने सांगितलेलं उत्तर नसतं, कोणी तरी आधीच घेऊन ठेवलेला निर्णय असतो. आणि तो निर्णय असतो संशयाबद्दल: खरं काय ते कळत नसेल, तर नुकसान कोणी सोसायचं?

निर्णय घेतला नाही तरी तो होतोच. पायथॉनची 'रिक्वेस्ट्स' ही लायब्ररी आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात वापरली असेल. तिला किती वेळ थांबायचं ते सांगितलं नाही, तर ती मर्यादा न ठेवता वाट पाहत राहते. डॉटनेटमधला 'एचटीटीपी क्लायंट' न सांगता १०० सेकंद थांबतो. हे आकडे कोणी तरी, कुठे तरी, सगळ्यांना चालतील म्हणून ठेवलेले आहेत. ते ठेवणाऱ्याला तुमच्या काउंटरसमोरची रांग माहीत नव्हती.

*

न्यायालयांनी या प्रश्नाचा फार आधीपासून विचार केला आहे. शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील पण एका निरपराध माणसाला शिक्षा होता कामा नये, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. त्याचा अर्थ न्यायाधीश भोळे असावेत असा नाही. चुका दोन प्रकारच्या होणार हे गृहीत धरून, दोन्ही टाळता येत नसतील तर कोणती आधी टाळायची, हे तिथे आधीच ठरवलेलं आहे. संशयाचा फायदा आरोपीला. का? कारण एका बाजूला संपूर्ण राज्यसंस्था आहे आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस. सुटलेला गुन्हेगार हे राज्याचं नुकसान आहे, आणि राज्य ते सोसू शकतं. तुरुंगातली वर्षं त्या माणसाला परत मिळत नाहीत.

मग सगळीकडे हेच लावायचं का? उत्तर आलं नाही तर नेहमी 'हो' समजायचं? मलाही त्या रात्री असंच वाटलं होतं. चौथ्या ओळीतला शब्द बदलून 'मान्य' करावा आणि झोपावं.

पण आगगाडीचा ब्रेक पाहा. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक आणला. त्यात इंजिनातून हवा सोडली की डब्यांचे ब्रेक लागायचे. अडचण अशी की पाइप फुटला किंवा डबे सुटले तर हवा पोचायची नाही आणि ब्रेक लागायचेच नाहीत. १८७२ मध्ये त्याने ही रचना उलटी केली. पाइपमध्ये दाब असेपर्यंत ब्रेक मोकळे, दाब गेला की ब्रेक लागणार. पाइप फुटला, गाडी थांबली. आपण डब्यातली साखळी ओढतो तेव्हाही होतं हेच, पाइपमधली हवा निसटते. इथे शांततेचा अर्थ 'थांब' असा लावला आहे, आणि तो बरोबर आहे. उगाच थांबलेल्या गाडीने उशीर होतो. न थांबलेल्या गाडीने माणसं मरतात.

उदार वाटणारा पर्याय कधी कधी नुसता दिखाऊही असतो. वेबसाइटचं ओळखपत्र रद्द झालेलं आहे का, हे ब्राउझर दुसऱ्या एका सर्व्हरला विचारत असत, आणि उत्तर आलं नाही तर 'ठीक असेल' समजून पुढे जात. २०१२ मध्ये गूगलमधल्या अ‍ॅडम लँग्ली यांनी या पद्धतीची तुलना अशा सीटबेल्टशी केली होती, जो अपघाताच्या क्षणीच तुटतो. ज्या हल्लेखोराला तुमची वाट अडवता येते, त्याला ती चौकशीही अडवता येते. तपासणी मग एरवी छान चालते, फक्त गरज पडते तेव्हा नसते.

आणि पर्याय बरोबर निवडला तरी आकडा चुकू शकतो. १२ नोव्हेंबर २०२० ला जगभरच्या अनेक मॅक संगणकांवर साधी साधी अ‍ॅप्स उघडायला फार वेळ लागू लागला. अ‍ॅप उघडताना मॅक अ‍ॅपलच्या एका सर्व्हरला विचारत असे. सर्व्हर सापडलाच नाही तर अ‍ॅप उघडू द्यायचं, ही सोय होती. पण त्या दिवशी सर्व्हर बंद नव्हता, हळू झाला होता. त्यामुळे संगणक वाट पाहत बसले. ज्यांनी इंटरनेटच बंद केलं त्यांची अ‍ॅप्स लगेच उघडली. सर्व्हर मेला तर काय, हे ठरलेलं होतं. तो रेंगाळला तर काय, याचं उत्तर कमी पडलं.

तेव्हा 'मान्य' हा शब्द आपोआप दयाळू नाही आणि 'नाकारा' आपोआप क्रूर नाही. मुंबईच्या लोकलला जे लागू पडतं ते औषधाच्या काउंटरला पडेलच असं नाही. प्रत्येक खिडकीपाशी वेगळे प्रश्न विचारावे लागतात. चुकून 'हो' म्हटलं तर कोणाचं किती जाईल? चुकून 'नाही' म्हटलं तर कोणाचं किती जाईल? यातलं काय नंतर भरून काढता येईल? आणि ज्याचं जाईल त्याला ते कोणाला तरी सांगता येईल का?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चुकून 'हो' म्हटलं की रुग्णालयाच्या हिशेबात काही रुपयांची तूट दिसते, ऑडिटमध्ये ती पकडली जाते, मेल येतो, मीटिंग होते. चुकून 'नाही' म्हटलं की एक माणूस एसटीने घरी जातो. ही चूक कुठल्याच अहवालात येत नाही. सहा-सात महिने आमच्याकडे एकही तक्रार आली नव्हती, आणि आम्ही त्याचा अर्थ सगळं नीट चाललंय असा लावला होता. तीही शांतताच होती.

*

यावर एक गंभीर आक्षेप आहे. ज्यांना तो ऐकायचा असेल त्यांनी रेशन दुकानासमोर उभं राहावं.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला. पुढे दुकानांत ई-पॉस यंत्रं आली. अंगठा ठेवायचा, यंत्र दूरच्या सर्व्हरला विचारतं, उत्तर आलं की धान्य. 'थम लागत नाही', 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या', ही वाक्यं गावाकडे वाढलेल्या कोणालाही सांगावी लागत नाहीत. शेतात, भांड्यांत, विटांत झिजलेली बोटं यंत्राला वाचता येत नाहीत. जिथे रेंज कमी तिथे उत्तर उशिरा येतं. म्हणजे टाइमआउट सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. बोटं झिजवणारं काम आणि रेंज नसलेलं गाव बऱ्याचदा एकाच माणसाच्या वाट्याला आलेलं असतं. आमच्या काउंटरवरही सर्व्हर हळू व्हायचा तो अकरा ते एक, म्हणजे बाहेरगावाहून सकाळच्या गाडीने आलेली माणसं रांगेत असायची तेव्हाच.

पण ही यंत्रं आली का, हेही प्रामाणिकपणे आठवायला हवं. मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचललं जात होतं. बोगस कार्डं होती. दुकानदार 'माल आला नाही' म्हणायचा आणि माल काळ्या बाजारात जायचा. कोणाला द्यायचं, कोणाला परत पाठवायचं हे तोच ठरवायचा, आणि ते ठरवताना जात, ओळख, गावातलं राजकारण सगळं मधे यायचं. यंत्राला यातलं काही कळत नाही, हाच त्याचा गुण होता. आता शंकेच्या वेळी पुन्हा माणसाच्या मर्जीवर सोडलं, तर पुन्हा तेच होईल, असं म्हणणारे लोक चुकीचं बोलत नाहीत.

मला या आक्षेपाने बराच काळ गप्प केलं. मग लक्षात आलं की त्यात दोन गोष्टी एक करून टाकल्या आहेत. चोरी होते म्हणून तपासणी हवी, हे बरोबर. पण तपासणी कोलमडली तर तिचं नुकसान ज्याची तपासणी होतेय त्याने सोसावं, हे त्यातून निघत नाही. चोरी दुकानदाराची, सर्व्हर सरकारचा, रेंज कंपनीची आणि उपाशी राहणार समोरची म्हातारी, हा हिशेब कुठल्याच तर्कात बसत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवलं होतं की नेटवर्क किंवा बोटांच्या अडचणीमुळे ओळख पटली नाही तरी कार्ड पाहून धान्य द्यावं आणि अशा व्यवहारांची वेगळी नोंद ठेवावी. म्हणजे उत्तर कागदावर होतं. ते काउंटरपर्यंत पोचणं ही वेगळी गोष्ट.

त्या सूचनेतला 'नोंद ठेवावी' हा भाग मला फार मोलाचा वाटतो. 'हो' आणि 'नाही' यांच्यामधली जागा तिथे आहे. आत्ता द्या, लिहून ठेवा, नंतर पडताळा. आपल्याला ही रीत नवी नाही. किराणा दुकानातली उधारीची वही म्हणजे हेच. पैसे येतील की नाही याचं उत्तर आत्ता नाही, तरी तेलाची पिशवी आत्ता मिळते, आणि महिनाअखेरीला हिशेब होतो. त्या वहीत सगळ्यांची पानं नव्हती, हेही मला माहीत आहे. 'पत' कोणाची आहे हे दुकानदार ठरवायचा. पण यंत्राकडून उधारी द्यायची तर ही खोट काढता येते. नियम सगळ्यांना एकच, मर्यादा आधी ठरलेली, प्रत्येक नोंद दिसणारी. दुकानदाराच्या मर्जीचा प्रश्न तिथे उरत नाही.

भार कोणावर टाकायचा हे कायद्यानेही ठरवता येतं. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, हे आपल्यापैकी अनेकांनी भोगलंय. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने अशा वेळी बँकेला पाच दिवसांची मुदत दिली. त्यात पैसे परत आले नाहीत तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. यूपीआयने एकाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे मधेच अडकले तर मुदत एकाच दिवसाची. आणि ग्राहकाने तक्रार करायची वाट न पाहता ही भरपाई आपणहून द्यायची आहे. यंत्रांना एकमेकांचं ऐकू आलं नाही, हे इथे मान्यच केलं आहे. फक्त त्याचं मोल ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याच्याकडून घ्यायचं ठरवलं आहे. त्या १०० रुपयांमुळे बँकेला सर्व्हर नीट ठेवायचं कारण मिळतं. काकांना परत पाठवून आमच्या सर्व्हरला कसलंच कारण मिळत नव्हतं.

*

मी ही गोष्ट टीममध्ये मांडली तेव्हा सगळ्यात आधी निघालेला प्रश्न होता, हे ठरवलं कोणी? मी म्हटलं, नमुना फाइलमध्ये होतं. बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणाला, माझ्या कागदात याबद्दल काहीच नाही. रुग्णालयातले अधिकारी म्हणाले, आम्हाला वाटलं सिस्टिममध्ये असंच असतं. नमुना पाठवणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, तो फक्त नमुना होता. सगळे खरं बोलत होते. निर्णय कोणीच घेतला नव्हता, आणि तो सहा-सात महिने रोज अमलात येत होता.

आपल्या धंद्यात 'ते माझं काम नाही' म्हणणं सोपं आहे, आणि काही अंशी ते बरोबरही आहे. रुग्णालयाने किती तोटा सोसायचा हे चोवीस वर्षांच्या मुलीने एका फाइलमध्ये परस्पर ठरवू नये. मी त्या रात्री गुपचूप 'मान्य' लिहिलं असतं तर तेही तितकंच चुकीचं झालं असतं. पण माझं काम नाही म्हणून मी नमुन्यातला शब्द ठेवला, तेव्हाही मी ठरवलंच होतं. माझं काम होतं विचारणं. 'उत्तर आलं नाही तर काय करू?' हे एक वाक्य मेलमध्ये लिहायला हवं होतं, आणि ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्याकडून उत्तर घ्यायला हवं होतं. तो प्रश्न कोणाला पडेल, तर ही ओळ लिहिणाऱ्यालाच. वरच्या कोणाला ती ओळ आहे हेच माहीत नसतं.

नंतर आम्ही बरंच काही बदललं. 'पात्र नाही' आणि 'उत्तर मिळालं नाही' हे दोन वेगळे संदेश झाले. तीसचे आठ सेकंद झाले आणि त्यानंतर एकदा पुन्हा विचारणं. औषध उधार देण्यावरून रुग्णालयात वाद झाला. पैसे कोण भरणार, असा प्रश्न आला, आणि तो रास्त होता. शेवटी तिथल्या जुन्या फार्मासिस्ट बाईंनी मार्ग काढला. ज्यांचं कार्ड मागच्या वेळी चाललं होतं, त्यांना रोजच्या गोळ्या सात दिवसांपुरत्या सवलतीत द्यायच्या आणि नंतर तपासायचं. महागडी इंजेक्शनं यात नाहीत. हे उत्तर पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदा येणारा माणूस अजूनही बाकावर बसून राहतो. पण आता तो कशासाठी बसलाय हे त्याला माहीत असतं, आणि हे असं असावं हे कोणी तरी सही करून ठरवलेलं आहे.

त्या काकांचं काय झालं हे मला कळलं नाही. लॉगमध्ये नाव नसतं, नुसता व्यवहाराचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून रुग्णालयाने त्यांना शोधलं असेल, किंवा ते पुढच्या महिन्यात पुन्हा आले असतील. मला आठवतं ते इतकंच की चाक फिरत होतं, मला शंका आली होती, आणि ते माझ्यापासून चार फुटांवर होते. "काका, थांबा जरा, पुन्हा बघू" एवढंच म्हणायचं होतं. पण खात्री नव्हती म्हणून मी बोलले नाही. माझ्या संशयाचा भारही तेच घेऊन गेले.

आता कोणतीही नवी फाइल लिहिताना मी शेवटच्या दोन ओळी आधी लिहिते. पत्ता नंतर टाकते. पत्ता चुकला तर लगेच कळतं.